आत्याच्या बरणीवरचं झाकण आणि बसऱ्याला गेलेले पणजोबा

खारेपाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचायला येतो. एसटीच्या तक्रारी आणि सोलकढीचे वाद सोडले तर कुठे लिहिल्याचं आठवत नाही. पण हा विषय महिनाभर डोक्यातून जात नाहीये.

यंदा मे महिन्यात गावच्या घराची कौलं उतरवली. गाव मालवण तालुक्यातलं, म्हणजे पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. वासे वाळवीने खाल्ले होते, म्हणून सगळं सामान पडवीत काढलं. त्यात आत्याच्या खारातल्या आंब्यांची चिनी मातीची बरणी होती. तोंडाला दादरा बांधलेला आणि दादऱ्यावर दाब म्हणून एक गोल, काळपट तपकिरी धातूची चकती. ही चकती मी लहानपणापासून पाहत आलोय. घरात तिला 'आज्याचो तवो' म्हणतात. का, ते कधी विचारलं नव्हतं.

या वेळी उन्हात नीट पाहिली. ओतीव काम आहे. त्रिशूळ घेतलेली एक बाई उभी, हातात पानांची माळ, पायाशी सिंह. बाईच्या दोन्ही बाजूंना मासे आहेत, पण आपल्याकडच्यासारखे नव्हेत, डॉल्फिन असावेत. कडेने इंग्रजी मोठी अक्षरं: तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला, अशा अर्थाची. माळेखाली एक चौकट आणि चौकटीत माझ्या पणजोबांचं नाव. घरच्यांची इच्छा नाही म्हणून नाव इथे देत नाही.

आत्याला विचारलं. ती ८४ वर्षांची, पणजोबा म्हणजे तिचे आजोबा. ती म्हणाली, "लढाईक गेलो तो परत येवक नाय. सरकारान ह्यो तवो धाडल्यान." मग तिने पत्र्याच्या डब्यातून आणखी एक वस्तू काढून दिली. चार टोकांचा तारा, वर मुकुट, मधे आडव्या दोन तलवारी. मागे नंबर, 'शिपाई' असा हुद्दा, नाव आणि '११७ मराठा'.

मला एवढंच ठाऊक आहे: पणजोबा सतरा-अठराव्या वर्षी आगबोटीने मुंबईला गेले. गिरणीत होते. तिथून पलटणीत गेले. पलटण बसऱ्याला गेली. माझे आजोबा तेव्हा रांगत होते.

ही चकती नेमकी काय आहे? पणजोबा कुठे वारले? त्यांची कबर किंवा काही खूण असेल का?

जुनं नाणं

आधी एक कळकळीची विनंती: चकती चिंचेने घासू नका. पितांबरी तर नकोच नको. शंभर वर्षांचा रंग आहे तो, राहू द्या. आणि खाऱ्या पाण्यापासून लांब ठेवा. काशाला कळंक चढला तर आंबेही जातील आणि चकतीही.

आता ओळख. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने ही स्मृतिचकती पाठवली. व्यास साधारण १२ सेंटिमीटर. बाई म्हणजे ब्रिटानिया. अगदी तळाशी पाहा, एक लहान सिंह गरुडाला फाडताना दिसेल. तो गरुड म्हणजे जर्मनी. अशा जवळपास साडेतेरा लाख चकत्या ओतल्या. इंग्लंडात लोक तिला 'मेलेल्याचा पेनी' म्हणत, कारण त्यांच्या पेनी नावाच्या काशाच्या नाण्यासारखी दिसते. तुमच्या घरी तिचा तवा झाला.

एक गोष्ट लक्षात आली का? चकतीवर हुद्दा नाही. जनरल असो की शिपाई, नुसतं नाव. ते मुद्दाम केलेलं होतं.

तारा मात्र जास्त बोलका आहे. मधे १९१४-१५ असं लिहिलेलं असेल. हा तारा ३१ डिसेंबर १९१५ च्या आत प्रत्यक्ष रणभूमीवर पोचलेल्यांनाच मिळाला. त्याच्यासोबत आणखी दोन पदकं येतात: एक चांदीचं, घोडेस्वाराचं, आणि एक पितळी रंगाचं, पंखवाल्या बाईचं, इंद्रधनुषी फितीचं. ती आहेत का घरात?

खारेपाट

तारा आहे तसाच, १९१४-१५. तुम्ही न पाहता सांगितलंत!

चांदीचं पदक आजोबांच्या लग्नात सोनाराकडे गेलं असं आत्या म्हणते. त्याच्या मुलीच्या पायातल्या साखळ्या झाल्या की आणखी काही, ते तिला आठवत नाही. इंद्रधनुषी फितीचं पदक तिच्या थोरल्या भावाने शाळेत नेऊन हरवलं आणि त्याबद्दल मार खाल्ला. मार मात्र तिला नीट आठवतो.

जुनं नाणं

कितीतरी घरांत चांदीच्या पदकाची हीच गत झाली. सोनाराला दोष नाही. भूक लागली की राजाचा चेहराही वितळतो.

बॅरकमधला

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, हवालदार म्हणून निवृत्त. तुमच्या ताऱ्यावरचं '११७ मराठा' वाचून उठून बसलो.

ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, सगळ्यात आधी उतरलेल्यांपैकी. पुण्याची सहावी डिव्हिजन, तिची सोळावी ब्रिगेड. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून जहाजं निघाली, ६ नोव्हेंबरला इराणच्या आखाताच्या टोकाला फाव इथे उतरली. महिना संपायच्या आत बसरा हातात. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई, तिथेही ही पलटण होती. मग टायग्रिस नदीच्या काठाने वर वर, बगदादच्या दिशेने. सप्टेंबरअखेर कूत घेतलं. नोव्हेंबरात टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली. तिथे इतकी माणसं गेली की डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंडला माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरला थकलेली डिव्हिजन कूतमध्ये परतली आणि चार दिवसांत तुर्कांनी गाव चारी बाजूंनी आवळलं.

कूत म्हणजे नदीच्या वळणात अडकलेलं, तीन बाजूंना पाणी असलेलं मातीच्या घरांचं गाव. १४७ दिवसांचा वेढा पडला. सोडवायला खालून फौजा आल्या, त्यांचीच तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, पण पोचलं कुणी नाही. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली. त्यातली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती. 'जुल्नार' नावाची आगबोट धान्य घालून रात्री नदीतून वर पाठवली, ती वाटेतच पकडली गेली. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. जवळपास १३ हजार माणसं कैद झाली, त्यातले बहुतेक आपलेच.

११७ सोबत १०३ आणि ११० याही मराठा पलटणी आत होत्या. १०३ म्हणजे आमची जंगी पलटण. भरतीच्या वेळी हा इतिहास उस्तादाने डोक्यात भरला होता, पण खरं सांगायचं तर तेव्हा लक्ष जेवणाच्या घंटेकडे असायचं.

तुमच्याकडे तारा आहे, म्हणजे ते १९१५ संपायच्या आत तिथे होते. ११७ होती कूतमध्ये. ते टेसिफोनला पडले नसतील किंवा जखमी होऊन बसऱ्याला परत गेले नसतील, तर वेढ्यात होते असं धरून चाला. तारीख मिळाली की उलगडेल.

शेवग्याची शेंग

मी याबद्दल वाचलं होतं, खाण्याचा भाग डोक्यातून जात नाही. घोडे कापून खायची वेळ आली होती ना? आपल्या लोकांनी खाल्लं का?

बॅरकमधला

बरेच दिवस नाही. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्या पलटणींनी नकार दिला, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही. मग भारतातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवली, ती आली, तरी माणसं हात लावेनात. भीती देवाची कमी आणि गावाची जास्त. घरी गेल्यावर कुणी पंगतीत घेणार नाही, मुलीला स्थळ येणार नाही. अधिकाऱ्यांनी हे लिहून ठेवलंय. एप्रिल लागला, शिधा अगदीच घटला, तेव्हा बरेचजण खायला लागले. तोवर हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांनी इस्पितळ भरलं होतं. ताजी भाजी नाही, मांस नाही, मग स्कर्व्ही. लोक चिखलातला पाला उपटून शिजवत.

कोकणातला माणूस, त्याला पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा मिळाला तरी दिवस निघतो. तिथे तेही नाही.

स्पष्टच बोलतो

सगळं ठीक आहे, पण एक विचारू? हे कुणाच्या स्वातंत्र्यासाठी मेले? चकतीवर 'स्वातंत्र्य' लिहिणारे तेव्हा आपल्यावर राज्य करत होते. पगारी शिपाई, तेलाच्या विहिरी राखायला नेलेले. वाईट वाटतं हे मान्य, पण उगाच वीरगाथा करू नये असं माझं मत.

करी रोड

वीरगाथा इथे कुणी केलीय, साहेब? माणूस आपला पणजोबा शोधतोय.

पण प्रश्न काढलाच आहे तर उत्तर देतो. माझे आजोबा त्याच काळात कोकणातून येऊन गिरणीत लागले. गिरणीत 'लागणं' म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. पहाटे दारावर उभं राहायचं. जॉबरने, म्हणजे माणसं नेमणाऱ्या मुकादमाने, बोट दाखवलं तर बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी दिवसाचं काम, नाहीतर खोलीवर परत. एका खोलीत एका गावचे वीसजण, पाळीपाळीने झोपायचं. पावसाळ्यात आगबोटी बंद, घरी मेलंबिलं तरी निरोप पोचेपर्यंत बारावं उलटलेलं. गावाकडे खोताचं देणं, वाण्याची उधारी, नाचणी शिमग्यापर्यंतही पुरायची नाही.

पलटणीतल्या शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये. छावणीत असताना जेवणखाणही त्यातूनच, फुकट शिधा पुढे १९१७ मध्ये सुरू झाला. म्हणजे काही कुबेराचा खजिना नव्हता. पण महिन्याच्या महिन्याला येणारा, कपडा सरकारी, मेलो तर बायकोला पेन्शन. ज्याला दिवसाची बदली मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याच्यासाठी हे फार होतं. कोकणी माणसाला परमुलखात पोट भरायची सवयच. मुंबईही त्याला परमुलूखच होता, बसरा थोडा पुढे.

आणि हो, १९१८ मध्ये गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव सैन्यभरतीसाठी फिरत होते. मोठमोठ्यांनाही तेव्हा सगळं स्वच्छ दिसत नव्हतं. गिरणीच्या दारावर उभ्या असलेल्या पोराकडून अपेक्षा करायची?

स्पष्टच बोलतो

गांधीजींचं खरं आहे, वाचलंय. शब्द मागे घेत नाही, पण 'पगारी' हा शब्द मी टोमण्यासारखा वापरला, तो चुकला. माझे वडीलही पगारीच होते, टपाल खात्यात.

पांढरा कांदा

वाचतोय. छान धागा. रायगडकडची थोडी भर घालतो.

माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, येता-जाता दिसतो. पळसगावचा मुलगा, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला नाईक. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात. मशिनगनच्या माऱ्यात जवळची सगळी माणसं पडली, हा एकटा पुढे गेला, ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेला. बावीस वर्षांचा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. त्याला निदान पुतळा तरी मिळाला.

दुसरी गोष्ट: आमच्याकडचे शनिवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. अलिबाग, रेवदंडा, पेण, नवगाव. पिढ्यान्‌पिढ्या कंपनी सरकारच्या आणि मग इंग्रजांच्या पलटणीत. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, १७९६ चं, सॅम्युअल दिवेकरांनी बांधलं. ते कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेतून सुटून आले होते. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. आमच्या शेजारचं एक घरही गेलं. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या पलटणीत, नातू तिकडच्या लष्करात. पण गेल्या वेळी आले तेव्हा तिसऱ्या पिढीतली ती पोरगी माझ्या आईला म्हणाली, "काकू, मलिद्याला पोहे जाड घ्यायचे की पातळ?"

धाग्याचा विषय भरकटवला असेल तर माफी.

कॅम्प दापोली

भरकटवला नाहीत. मीही थोडा भरकटवतो, कारण कोकण आणि पलटण म्हटलं की आमचं गाव आल्याशिवाय राहत नाही. बसवरच्या पाटीपासून म्हाताऱ्यांच्या बोलण्यापर्यंत आमच्या गावाला 'कॅम्प' चिकटलेला, तो निवृत्त शिपायांच्या वस्तीमुळेच.

महार समाजातले कितीतरी लोक इथे पेन्शनीत येऊन राहिले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही त्यातलेच. बाबासाहेबांच्या लहानपणीचा काही काळ दापोलीत गेला. गोपाळ बाबा वलंगकर असेच निवृत्त होऊन आलेले, त्यांनी लेखणी उचलली. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली तेव्हा त्यांनी अर्ज लिहिला: आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं आणि आता आम्ही 'लढाऊ जात' नाही? मग महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. आमच्या पणजोबांची दोन-चार वर्षं त्यातच गेली. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली, पण ते म्हातारे झाले होते.

त्यामुळे 'पगारी शिपाई' हा शब्द आमच्या घरी कुणी उच्चारला असता तर म्हातारीने काठी उगारली असती. आम्हाला तो पगारसुद्धा भांडून मिळवावा लागला.

तांडेल

समुद्रावर गेलेल्यांना विसरू नका रे. रत्नागिरी, दाभोळ, बाणकोट या पट्ट्यातले कोकणी मुसलमान बोटीवर खलाशी, आगवाले. पलटणीचं नाव नाही, हुद्दा नाही, बोट टॉर्पेडोने बुडाली की पाणी हीच कबर. मुंबईत मस्जिद बंदरजवळ खलाशांच्या वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त भारतीय खलाशांचं. मी बाहेरून शंभरदा गेलो असेन. आत काय आहे ते बोटीवरची नोकरी सोडल्यावर कळलं.

शेवग्याची शेंग

धागाकर्ते गायब? आणि मला एक विचारायचंय. सगळे पणजोबांचं लिहितायत. पणजीचं काय झालं? तिला कधी कळलं?

खारेपाट

गायब नव्हतो, शोधत होतो. आता सांगतो, जरा मोठं होईल.

'जुनं नाणं' यांनी खाजगी निरोपात दिलेल्या सल्ल्याने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) साईटवर नोंद शोधली. नाव टाकून काहीच मिळेना. आडनावाची तीन-चार स्पेलिंगं करून पाहिली. मग पुतणीने डोकं चालवलं: नाव सोडा, ताऱ्यामागचा नंबर टाका. तो टाकल्यावर भारतातल्या वेगवेगळ्या पलटणींतले त्याच नंबरचे बरेच शिपाई आले, त्यांतून ११७ मराठा वेगळा काढला. एकच उरला. (ज्यांना आपापले शोधायचेत त्यांनी हाच मार्ग धरा. दर पलटणीचे नंबर वेगळे, त्यामुळे नंबर आणि पलटण दोन्ही हवेत.)

नोंदीत नाव अर्धंच बरोबर आहे. वडिलांचं नाव बरोबर. गावाचं स्पेलिंग असं आहे की डोळ्याने वाचून काही कळत नाही. मी आत्यासमोर मोठ्याने वाचलं, ती लगेच म्हणाली, "आपलोच गाव तो." पुढे मालवण, रत्नागिरी. मरणाची तारीख सप्टेंबर १९१६ ची.

म्हणजे ते टेसिफोनला पडले नाहीत, वेढ्यातही मेले नाहीत. शरणागतीनंतर पाच महिन्यांनी गेले.

बॅरकमधला

म्हणजे कैदेत.

शरण आलेल्यांना आधी बगदादला नेलं. तिथून थोडी रेल्वे, मग समाऱ्यापासून पुढे पायी. मे-जूनचं ऊन, वाळवंट, पायात काही नाही. मोसुल आणि पुढे रास-अल-ऐन. तुर्कांची बगदादकडे येणारी रेल्वे तिथे अडली होती. आपले बहुतेक शिपाई रास-अल-ऐनच्या बाजूला रुळांच्या कामावर. वेढ्यात आधीच हाडं निघालेली माणसं, त्यात जुलाब, ताप. कैद झालेल्या हजारो शिपायांनी घर पुन्हा पाहिलं नाही. सप्टेंबरात गेले म्हणजे त्यांनी तो प्रवास बहुधा संपवला असणार. तेवढं चालले.

जास्त लिहवत नाही.

जुनं नाणं

नोंदीत स्मारक कुठलं दिलंय? बसरा मेमोरियल असेल तर आधीच एक सांगून ठेवतो, कारण कुणी नातेवाईक तिथे नाव शोधायला गेला की त्याला धक्का बसतो.

बसऱ्याचं ते स्मारक १९२९ मध्ये उभं राहिलं. ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत अशा चाळीस हजारांहून जास्त माणसांसाठी. गोऱ्या शिपायांची नावं दगडात कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचं नाव आणि खाली 'इतर अमुक इतके भारतीय सैनिक' एवढाच आकडा. नावं कागदावरच्या नोंदवहीत. २०२१ मध्ये कमिशननेच चौकशी करून हे कबूल केलं. जगभर मिळून निदान १ लाख १६ हजार माणसांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नावाने नोंद झालीच नाही किंवा मुळात कुठे उल्लेखच नाही, असं त्या अहवालात आहे.

दगडही आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमावरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन उभा केला.

म्हणजे तुमच्या आत्याच्या बरणीवर नाव आहे, हुद्दा नाही. बसऱ्याच्या दगडावर त्यांचा आकडा आहे, नाव नाही.

खारेपाट

हो, बसरा मेमोरियलच.

आता शेवग्याची शेंग यांचा प्रश्न. आत्याने आपल्या आजीला पाहिलंय, पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत तिच्याच कुशीत झोपली. परवा रात्री वीज गेली होती, तेव्हा ती आपणहून बोलली. मी मधे मधे विचारलं तेवढंच.

पणजी लिहू-वाचू शकत नव्हती. पत्र आलं की शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. बसऱ्याहून दोन कार्डं आली होती. एकात काय होतं ते कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्यात होतं: पावसाच्या आधी घर शाकारून घ्या, पैसे पाठवलेत, आणि झिलाक दात इले काय? झिल म्हणजे माझे आजोबा.

त्यानंतर काही नाही. १९१६ चा पावसाळा गेला, पुढचा गेला. मालवणहून कुणी सांगत आलं, पलटण तुर्कांनी पकडली. दुसरं कुणी म्हणालं, सगळ्यांना मुसलमान करून तिकडेच ठेवलं. तिसऱ्याने बगदादला आपल्या गावच्या माणसाला पाहिल्याचं सांगितलं. सासू म्हणायची, कुंकू पूस. ती पुसेना. "लढाई सरली, मानमोडीची साथ येवन गेली, घरातली तीन माणसा गेली, तरी आजी कुकू लाय." मग १९१९ की २० मध्ये कधीतरी मामलेदार कचेरीतून बोलावणं आलं. ती सासऱ्याबरोबर चालत मालवणला गेली, अंगठा उठवला, पेन्शनीचा कागद घेतला आणि येताना वाटेतल्या व्हाळात तोंड धुतलं. घरी आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. बस्स. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही.

चकती नंतर आली, टपालाने, पुठ्ठ्याच्या पाकिटात. मास्तरांनी नाव वाचून दाखवलं. पणजीने ती देव्हाऱ्यात ठेवली नाही. आत्या म्हणते, "देवात कशी ठेवतली? तो देव झालो काय? तो मेलो." चूल पेटवून झाली की ती चकती हातात घेऊन थोडा वेळ बसायची, एवढं आत्याला आठवतं. मग ती बरणीवर गेली, कारण बरणीला रोज हात लागायचा.

शेवग्याची शेंग

कुंकवाचं वाचून थांबले. आत्याला माझा नमस्कार सांगा.

करी रोड

आमच्या गावच्या जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. तिच्यावरही आकडेच. लहानपणी आम्ही त्यावर खडूने विकेट काढायचो. पुढच्या मे महिन्यात गेलो की धुऊन काढतो.

बॅरकमधला

खारेपाट, बेळगावला आमच्या रेजिमेंटल सेंटरला एक पत्र टाका. ११७ चीच पुढे पाचवी रॉयल बटालियन झाली, १९२१ मध्ये तिला 'रॉयल' किताब मिळाला. ताऱ्याच्या पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो जोडा. आणि जमलं तर आत्याला घेऊन जा. तिच्या आजोबांच्या पलटणीची पोरं तिला कडक सॅल्यूट ठोकतील, ते माझ्याकडे लागलं.

तांडेल

पांढरा कांदा, मलिद्याला पोहे जाड की पातळ? उत्तर राहिलं.

पांढरा कांदा

जाड. भिजवून, गूळ, ओला नारळ, वर फळं.

जुनं नाणं

खारेपाट, चकतीला एक साधी लाकडी चौकट करून घ्या, मागे आम्ल नसलेला कागद. भिंतीवर लावा, पण स्वयंपाकघरात नको. तिथे धूर आणि वाफ.

खारेपाट

चौकट करायला दिली होती. कुडाळच्या सुताराकडून गेल्या आठवड्यात आली, फणसाच्या लाकडाची, चांगली झालीय. माजघरात लावली. ताराही त्यातच.

बेळगावला पत्र टाकलंय. आत्या नको म्हणाली, गुडघे. पण सॅल्यूटचं सांगितल्यावर कुठलं लुगडं नेसायचं ते विचारत होती, म्हणजे येईल.

काल तिचा फोन आला होता. मला वाटलं भिंतीवरच्या चौकटीबद्दल काही बोलेल. "ता सगळा रवांदे," म्हणाली, "दादऱ्यार ठेवूक माका काय तरी जड व्हया. आंबे वर येतत."

नदीतला एक गोटा धुऊन दिलाय तात्पुरता. तो तिला पसंत नाही, घरंगळतो म्हणते.